खाडा

'खाडा' हा शब्द मला लहानपणापासून माहीत होता तो दुधाच्या कॅलेंडरवरून. गवळी आला नाही की आई त्या तारखेवर फुली मारायची आणि महिनाअखेरीला खाडे मोजून पैसे द्यायची. माणसांचेही असेच खाडे मोजतात हे मात्र इथं लोणावळ्याला, हॉस्टेलवर आल्यावर कळलं. यंदा मेस कमिटीत माझं नाव आलं (कुणीच तयार नव्हतं म्हणून आलं, निवडणूक वगैरे काही झाली नाही!) आणि मेसवाल्या काकांची हजेरीची वही हातात पडली. भांडीवाला पोऱ्या, भाजी चिरणाऱ्या मावशी, दोन पोळीवाल्या काकू असे एकूण सहाजण रोजंदारीवर. आचारी तेवढा महिन्याच्या पगारावर. रोज ४५० रुपये. आलं तर बरोबरची खूण, नाही आलं तर फुली. वहीत तिसरी कुठलीही खूण नाही. माणूस लग्नाला गेला, झोपून राहिला की तापाने फणफणला, वहीच्या लेखी सगळं सारखंच.

मित्रांनो, आता तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आपलंही तसंच आहे की! ७५ टक्के हजेरी भरली नाही तर डिफॉल्टर लिस्ट, टर्म ग्रॅण्ट होत नाही, मग एचओडी सरांच्या केबिनबाहेर रांग. सबमिशनच्या आठवड्यात १०२ ताप अंगात घेऊन, नाकाला रुमाल लावून जर्नल तपासून घेणारे वीर प्रत्येक विंगमध्ये आहेत. आमच्या शेजारच्या रूममधला एकजण तर कांजिण्यांचे फोड घेऊन ओरलला बसला होता. एक्स्टर्नल सरांनी खुर्ची मागे सरकवली आणि दोनच प्रश्न विचारून त्याला सोडलं. पुढे त्याच्या बॅचमधले चौघे अंगाला कॅलामाइन फासून बसले होते. तेव्हा हसलो आम्ही. पण आपला फार तर एक सेमिस्टर जातो. वहीतली फुली म्हणजे त्या दिवसाचं तेल-मीठ जातं.

ऑगस्टच्या सुरुवातीची गोष्ट. लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला सांगायला नकोच, आठ दिवस सूर्य दिसला नव्हता, वाळत घातलेल्या जीन्सला बुरशी आली होती. मेसमध्ये डोकावलो तर मोठ्या काकू पोळ्या लाटताहेत, डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं, डोळे लाल. मधेच खोकल्याची उबळ आली की तोंड खांद्यावर फिरवायच्या आणि पुन्हा लाटणं सुरू. एका वेळेला आपल्याकडे साधारण साडेपाचशे पोळ्या लागतात. मी म्हटलं, "काकू, एवढा ताप आहे तर घरी राहायचं ना."

त्यांनी मान वर न करता विचारलं, "आन् रोज कोन देनार बाळा? तू?"

मी गप्प. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "दोन दिस घरी बसलं की तिसऱ्या दिवशी माझ्या पाटावर दुसरी बाई बसती. मंग तिला उठ म्हननार का तुमी?"

दोन वाक्यांत दोन कारणं सांगून काकू मोकळ्या झाल्या. एक रोजाचं, एक जागेचं. आजारी माणूस कामावर का जातो, याची उत्तरं आपण फार सोपी करून ठेवलेली आहेत. साहेब आजारपणात ऑफिसला आले तर 'किती ही निष्ठा!' आणि मजूर आला तर 'अडाणी आहेत, आरोग्याचं काही कळत नाही'. काकूंना ताप म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांना रोज म्हणजे काय तेही कळतं, एवढाच फरक.

लोणावळ्याला ही गोष्ट नवी नाही. आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरून रात्री घाट चढणाऱ्या गाड्यांचा आवाज येतो, तो बोरघाट बांधला गेला १८५६ ते १८६३ या काळात. पंचवीस बोगदे, आणि एका टप्प्याला चाळीस हजारांच्या वर माणसं कामावर. पावसाळ्यात उघड्यावरचं काम बंद पडायचं, म्हणजे कमाई कोरड्या महिन्यांतच करायची. त्यात पटकीच्या साथी येत आणि मजूर मोठ्या संख्येने दगावत. १८५९ च्या जानेवारीत पगार थकल्यावरून मजुरांनी दंगा केला, आणि फॅव्हिएल नावाच्या कंत्राटदाराने त्याच वर्षी काम सोडलं. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज कंत्राटदार इथं पोचल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. त्याचं कंत्राट त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, आपल्या नावावर घेतलं आणि हाताखालच्या इंजिनिअरांकडून काम तडीस नेलं. २१ एप्रिल १८६३ ला घाट सुरू झाला. ट्रेडवेल गेला तरी त्याचं कंत्राट त्याच्या घरात राहिलं. खडी फोडणारा मजूर गेला तर त्याच्या घरात मागे काय राहत असेल, याचा विचार गच्चीवर बसून कधीतरी करून बघा.

जागेच्या भीतीची गोष्ट माझ्या घरातलीच आहे. आमचं गाव पाटण तालुक्यात. आजोबा मुंबईला गिरणीत होते, आधी बरीच वर्षं 'बदली'. बदली कामगार म्हणजे सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही तर त्याच्या मागावर काम मिळायचं, सगळे आले तर आल्या पावली खोलीवर परत. आजोबा सांगायचे, "आम्ही गेटवर उभे राहून मनात म्हणायचो, आज कुणाला तरी हिवताप येऊ दे रे देवा." आणि नंतर स्वतः कायम झाल्यावर अंगात ताप असला तरी घोंगडी पांघरून पाळीला जायचे, कारण गेटवर कोण उभं असतं आणि मनात काय म्हणत असतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं! १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जो गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, त्याच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करा ही एक मागणी होती. संपाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

त्याच्याही आधी, १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे ठेवला होता. रविवारची सुट्टी त्यातच होती, आणि ती १० जून १८९० ला मिळाली. आज आपण रविवारी दुपारी बारापर्यंत लोळतो ते त्या अर्जाच्या कृपेने. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, जिची आठवण फार कुणी काढत नाही. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा. म्हणजे आजारी पडल्यावर चूल पेटती राहायला हवी, हा विचार आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि तो कुठल्या परदेशी मॅनेजमेंटच्या पुस्तकातून आलेला नाही. लोखंडे स्वतः १८९७ च्या प्लेगमध्ये, रोग्यांसाठी धावपळ करत असतानाच गेले.

बरं, जागा जायची भीती नसलेली माणसंही आजारपणात कामावर जातातच. स्वीडनमध्ये २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथं आजारपणाची रजा चांगली मिळते, तरी सुमारे ३,८०० नोकरदारांना विचारल्यावर एक तृतीयांश लोकांनी सांगितलं की गेल्या वर्षात दोन किंवा जास्त वेळा, खरं तर रजा घ्यायला हवी होती अशा अवस्थेत आम्ही कामावर गेलो. सगळ्यांत पुढे कोण? रुग्णसेवा आणि शिक्षण या क्षेत्रांतले लोक. कारण सुट्टी घेतली तर त्यांचं काम दुसरं कुणी करत नाही, परत आल्यावर ते साचून त्यांच्याच पुढ्यात येतं. गंमत बघा. काकूंच्या जागी कुणीही बसू शकतं म्हणून त्या जातात, आणि आपल्या एम-थ्रीच्या सरांच्या जागी कुणीच येऊ शकत नाही म्हणून ते बसलेला घसा घेऊन लाप्लासचा अख्खा चॅप्टर फळ्यावर नुसता लिहून काढतात. (सर, तुमची लेक्चर्स तेव्हाच सगळ्यांत शांततेत झाली, हे इथं नमूद करतो.)

माझा रूममेट पवन मावळातला. त्याच्या घरी इंद्रायणी भात असतो, जो वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आला आणि ज्याच्या वासावर आपण रविवारी मेसमध्ये तुटून पडतो. तो सांगतो, जुलैमध्ये लावणीच्या दिवसांत घरात कुणी आजारी पडायचंच नाही असा अलिखित नियम आहे. रोप एकवीस-पंचवीस दिवसांचं झालं की लावायलाच हवं, पाऊस थांबत नाही आणि रोपही थांबत नाही. त्यात सावड असते, आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे त्यांच्या खाचरात. तुम्ही ताप म्हणून घरी राहिलात तर कुणी पैसे कापत नाही. पण ज्याने काल तुमच्यासाठी दिवसभर चिखलात कंबर वाकवली त्याला आज तोंड कसं दाखवणार? तो वहीतल्या फुलीपेक्षा जड खाडा.

त्याच रूममेटचा मोठा भाऊ तळेगाव एमआयडीसीत एका कंपनीत कंत्राटी कामगार आहे. त्याला ईएसआय आहे, म्हणजे कागदावर तो आपल्या काकूंपेक्षा पुष्कळ बरा. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ही योजना लागू, आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. ऐकायला झकास! पण दोन गोष्टी बारकाईने बघा. पहिली, आधीच्या सहा महिन्यांच्या हिशेबात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. ज्याचं कंत्राट दर काही महिन्यांनी तुटतं त्याने हे दिवस कसे जुळवायचे? दुसरी, आजाराचे पहिले दोन दिवस पैसे मिळत नाहीत, भत्ता तिसऱ्या दिवसापासून. आता साधा व्हायरल ताप तीन दिवसांचा. तिसऱ्या दिवशी माणूस क्रोसिन खाऊन उठून बसतो. म्हणजे ज्या तापात माणूस सगळ्यांत जास्त वेळा कामावर जातो आणि शेजाऱ्याला देतो, नेमका तोच ताप योजनेच्या जाळीतून गळून जातो. मोठ्या आजाराला, ऑपरेशनला योजना उपयोगी पडते, हे मान्यच. त्याच्या आईचं ऑपरेशन चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात झालं आणि घरचा पैसा वाचला. पण मोठ्या आजारात तसंही कुणी कामावर जात नाही, जाऊच शकत नाही.

वर कंपनीचा हजेरी भत्ता. महिनाभर एकही खाडा नाही तर जादा पैसे, एक खाडा झाला की अख्खा भत्ता गेला. त्यामुळे एका दिवसाच्या तापाची किंमत एका दिवसाच्या पगाराहून जास्त होते. २०२० मध्ये टाळेबंदी उठल्यावर गेटवर कपाळाला बंदूक लावून ताप मोजायचे, तेव्हा भावाच्या शिफ्टमधली पोरं घरून निघतानाच पॅरासिटामॉल घेऊन निघायची. अर्ध्या-पाऊण तासात ताप उतरतो, बंदूक गप्प. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी विचार करावा, एरर सेन्सरमध्ये होती की सिस्टिममध्ये!

खाड्याचं सगळ्यांत वाईट रूप ऊसतोडीत आहे. मावळ-मुळशीच्या उसासाठी कासारसाईला संत तुकाराम साखर कारखाना आहे, आणि राज्यातल्या अशा कारखान्यांच्या गाळपाला बीडकडची हजारो कुटुंबं दरवर्षी घर सोडून बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली, ती कामातून फेडायची. तिथं न आल्या दिवसाचा नुसता रोज बुडत नाही, उलट खाड्याचा दंड अंगावर चढतो. एका दिवसाला ५०० रुपयांपर्यंत दंड घेतात असं तिथल्या बायकांनी पत्रकारांना सांगितलं होतं. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणं एकापेक्षा जास्त आहेत. पण दर महिन्याचं दुखणं आणि त्यापायी पडणारा खाडा हे त्यातलं एक, असं त्या बायकाच सांगत होत्या. हे वाचल्यावर मी दोन दिवस 'डेज ऑफ' हा शब्द उच्चारला नाही.

आता परत आपल्या भटारखान्यात येऊ. कारण तिथं प्रश्न एकट्या काकूंचा नाही, आपल्या पोटाचाही आहे. अन्न सुरक्षेचे २०११ चे नियम आहेत, त्यांच्या शेड्यूल ४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की कावीळ, जुलाब, उलट्या, ताप असं काही असेल त्या माणसाला अन्न हाताळू देऊ नये. नियम उत्तम आहे. पण त्याला घरी बसवल्यावर त्याने काय खायचं, यावर मात्र नियम गप्प.

हा गप्पपणा किती महागात पडतो याची अमेरिकेतली गोष्ट प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीण होती. स्वतः ठणठणीत, पण अंगात टायफॉइडचे जंतू. १९०७ साली तिला शोधून काढून वेगळं ठेवलं. १९१० मध्ये पुन्हा स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं. तिला कपडे धुण्याचं काम मिळालं, त्यात पैसे कमी. शेवटी नाव बदलून ती पुन्हा स्वयंपाकाला लागली, आणि १९१५ मध्ये पुन्हा सापडली ती चक्क एका प्रसूती रुग्णालयाच्या भटारखान्यात! मग मात्र मरेपर्यंत, १९३८ पर्यंत, तिला सोडलं नाही. 'टायफॉइड मेरी' म्हणून सगळं जग तिला नावं ठेवतं. मला वाटतं, १९१० साली तिला स्वयंपाकिणीइतका पगार देणारं दुसरं काम कुणी लावून दिलं असतं तर पुढची साथ तरी टळली असती, आणि ते पुढच्या तेवीस वर्षांच्या पहाऱ्यापेक्षा स्वस्तातही पडलं असतं.

मेस कमिटीच्या मीटिंगमध्ये मी हिशेब मांडला. रोजंदारीवर सहाजण. प्रत्येकाला महिन्यातून एक दिवस आजारपणाचा भरपगारी धरला तर सहा गुणिले ४५०, म्हणजे २,७०० रुपये. हॉस्टेलवर आपण १४०. माणशी वीस रुपयांच्याही आत, म्हणजे एक वडापाव. बदलीवर जी बाई येईल तिचा रोज मेसवाल्या काकांनी द्यायचा, कारण खाड्याचा रोज त्यांच्याकडे वाचतोच. आजारी बाईचा रोज आपल्या फंडातून. आणि बदलीवाली दोन दिवसांनी परत जाणार हे आधीच ठरलेलं, म्हणजे पाटही सुरक्षित.

बराच गोंधळ झाला. "मग सगळेच दर महिन्याला ठरवून एकदा आजारी पडतील," असं एक महाशय म्हणाले. हे स्वतः मागच्या टर्मला दोन मेडिकल सर्टिफिकेटं जोडून टर्म ग्रॅण्ट करून घेतलेले! मी म्हटलं, पडू देत, तीसचे तीस दिवस कोण पोळ्या लाटतं? मेसवाले काका आधी कुरकुरले, पण बदली बाई त्यांच्याच ओळखीतली आणायची म्हटल्यावर तयार झाले. १४० पैकी ११२ जणांनी पैसे देणं मान्य केलं. उरलेल्या अठ्ठावीसजणांची नावं इथं छापायचा माझा विचार होता, संपादकांनी हाणून पाडला.

ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांत फंडात ११,२०० रुपये जमले. सहाजण मिळून तीस दिवस घेऊ शकत होते, घेतले अकरा, त्यातले चार ऑक्टोबरमधल्या एकाच आठवड्यातले, जेव्हा भटारखान्यात सगळ्यांना एकदमच ताप आला होता. मोठ्या काकूंनी त्यातला एकही घेतलेला नाही. त्यांना अजून पाटाचा भरवसा वाटत नाही. "पुढल्या साली तुमी जानार, नवी पोरं येनार," म्हणतात, आणि त्यात चूक काढता येत नाही.

एक प्रश्न मात्र अजून लोंबकळतोय. रेक्टर सरांचं म्हणणं, पैसे द्यायचे तर डॉक्टरचा दाखला हवा. त्यांचंही बरोबर आहे, हिशेब त्यांना द्यावा लागतो. पण बाजारात डॉक्टरकडे गेलं की तपासणीचे दोनशे रुपये आणि अर्धा दिवस रांगेत. ४५० च्या रोजासाठी दोनशेचा दाखला कोण आणणार? सध्या मेसवाले काका आणि कमिटीतला एक असे दोघांच्या सहीवर काम भागवतोय. यापेक्षा बरी युक्ती कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा. फंडात ६,२५० रुपये शिल्लक आहेत, वही आणि पावत्या माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहेत. पुढच्या वर्षी मेस कमिटीत जे कुणी येतील त्यांनी एप्रिलच्या आत घेऊन जाव्यात, मे महिन्यात मी रूम सोडतोय.